मनूबियाचा अंगठा

लुआज, वाटणीच्या भाड्याची गाडी, सेजनान सोडून तळ्याच्या वळणावर थांबली, तेव्हा दलंदाला वाटलं, उतरूच नये. तसंच बसून राहावं, गाडी नेईल तिकडं जावं. पण शेजारच्या म्हाताऱ्यानं आपली कोंबडीची पिशवी तिच्या गुडघ्यांवरून ओढत म्हटलं, "उतर की बाई. का आधी कोंबडीनं उतरायचं?" आणि सगळे हसले, आणि ती उतरली.

हातात एक लाकडी पेटी होती. पेटीत कापूस, कापसात दोन काचपट्ट्या. त्यांवर एकेक चपटा कृमी, तांदळाच्या कणीएवढा, गुलाबी रंगवलेला. एवढंसं ओझं, पण चढावर तिला दोनदा थांबावं लागलं.

वरच्या घरात सी ताहर राहायचे. तिचे गुरू, म्हणून नावाआधी आदराचं 'सी'. ट्युनिसच्या कॉलेजात त्यांनी उभं आयुष्य बेडकांच्या पोटातले कृमी ओळखण्यात घालवलं. लोकांना नवल वाटायचं, यात ओळखायचं काय? पण असते ती ओळख. बेडकाच्या मूत्राशयात राहणारे हे चपटे कृमी वरवर सगळे सारखेच. शेपटीकडे सहा चूषक, त्यांच्यामध्ये दोन मोठ्या आकड्या. वेगळेपण आत असतं. आतड्याच्या फांद्या सुट्या आहेत की एकमेकींना मिळाल्यात, अंग निमुळतं आहे की रुंद, यावरून जात ठरते. सेजनानच्या तळ्यातल्या ठिपक्यांच्या बेडकात सी ताहरना तरुणपणी असा एक कृमी मिळाला, ज्याच्या फांद्या मिळालेल्या होत्या आणि अंग भाकरीसारखं पसरलेलं होतं. जगात कुणी न पाहिलेली जात. त्यांनी तिला आपल्या बायकोचं नाव दिलं. पॉलिस्टोमा मनूबिई. मनूबियाची.

मनूबिया इथलीच, कुंभारीण. सेजनानच्या बायका चाकाशिवाय, नुसत्या हातानं मडकी घडवतात, आणि मडक्यावर नाव घालत नाहीत. मनूबियाची मडकी कुणाकुणाच्या घरी गेली, कुणाकुणाच्या हातून फुटली. मूलबाळ झालं नाही. मग ती स्वतःही गेली. मागं उरलं ते एवढंच, पुस्तकातलं एका कृमीचं नाव.

आणि ते नाव आता जाणार होतं. दलंदानंच ते काढलं होतं.

कॉलेजात हल्ली सी ताहरच्या खुर्चीवर ती बसायची. तिनं जुन्या काचपट्ट्या काढल्या, तळ्यातून नवे बेडूक आणवले, आणि एका दुपारी तिला ते कळलं. जिवंत कृमी काचेवर घेतला की तो अंग आखडून गोळा होतो. म्हणून वर पातळ काच ठेवून त्याला हलकंसं चपटं करतात, तसाच धरून फॉर्मलिन सोडतात. सी ताहर काचेवर वजन ठेवायचे, ते घसरायचं. मग मनूबिया म्हणायची, "सरक बाजूला," आणि काचेवर आपला अंगठा ठेवायची. ही गोष्ट सी ताहर दरवर्षी वर्गात सांगायचे आणि वर्ग दरवर्षी हसायचा. दलंदाही हसली होती. त्या दुपारी मात्र तिनं एका कृमीवर नुसती काच ठेवली, दुसऱ्यावर अंगठा ठेवला, आणि मग तिला हसू आलं नाही. अंगठ्याखाली अंग पसरलं. फांद्या एकमेकींवर रेटल्या गेल्या आणि मिळाल्यासारख्या दिसू लागल्या. मनूबिई नावाची वेगळी जात कुठल्याही बेडकात नव्हती. तो इथला साधाच कृमी होता, जोरानं दाबलेला.

अशा वेळी ते नाव जुन्या, खऱ्या नावाखाली घालावं लागतं. या धंद्यात त्याला 'बुडवणं' म्हणतात. दलंदानं लेख लिहिला आणि पाठवूनही दिला. मागल्याच आठवड्यात. सी ताहरना न सांगता. आधी सांगायला गेले आणि त्यांचा चेहरा पाहिला, तर माझा हात चालायचा नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. याला ती दया म्हणत होती.

अंगणात शेदलिया मातीत मिसळायला खापऱ्या कुटत बसली होती. मनूबियाची धाकटी बहीण, भिंतीपलीकडं राहायची, पण तिचं कुटणं, थापणं, भांडणं सगळं याच अंगणात. कुटता कुटता गात होती.

*मातीला गं कान नाही, अंगठ्याला नाही डोळा,*
*कुणी दाबलं कुणाला, मडकं राहिलं गं भोळं.*

"आली का बेडकांची सुईण!" दलंदाला बघताच तिनं गाणं टाकलं. "किती वाळलीस गं. ट्युनिसात भाकर महाग झाली का?"

"तुझ्या हातची मिळत नाही ना, खाला."

"गोड बोलायला बरी शिकलीस. बस. म्हातारा तळ्यावर गेलाय. सकाळपासून त्याच्या अंगात आलंय, दलंदा येणार, दलंदा येणार. दाढीसुद्धा केली. जरा कापून घेतलंय, पण केली."

दलंदा बसली. पेटी मांडीवर ठेवली, मग खाली ठेवली, मग परत मांडीवर घेतली.

"काय आणलंस? मिठाई?"

"नाही. काम आहे."

"त्याला तीच मिठाई." शेदलियानं मुसळ बाजूला ठेवलं. "परवा बाजारात एक परदेशी बाई आली, माझी मडकी बघत होती. मी म्हटलं, मडकी राहू दे, माझ्या बहिणीचं नाव तुमच्या मोठमोठ्या पुस्तकांत आहे, ठाऊक आहे का? तिनं विचारलं, काय केलं बहिणीनं? मी म्हटलं, बेडकाच्या मुताच्या पिशवीत राहते ती." ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "पळाली बिचारी. पण एक वाडगं घेऊन पळाली हो."

दलंदा हसायला गेली. पेटीच्या झाकणावरून बोट फिरवत राहिली.

सी ताहर आले ते हातात काचेचं भांडं धरून, पाणी सांडू नये म्हणून लहान मुलासारखे बेतानं पावलं टाकत. भांड्यात ठिपक्यांचा बेडूक पाय पसरून तरंगत होता.

"पोरी! अगोदर हे बघ, मग सलाम कर." त्यांनी भांडं उन्हात धरलं. तळाशी सोनेरी कणासारखं काही चमकलं. "कृमीची अंडी. म्हणजे याच्या आत पाहुणा आहे. मी आता मारत नाही कुणाला. पाण्यात ठेवतो, अंडी दिसली की समजतो, घर भरलेलं आहे. मग जिथला तिथं सोडतो."

"म्हणजे ओळख पटत नाही."

"ओळख तू पटव. माझं म्हाताऱ्याचं एवढ्यावर भागतं, कुणीतरी आहे आत."

आत त्यांनी तिला ताबूना भाकरी वाढली, तव्यावरची नाही, मातीच्या भट्टीतली, गरम. तेल, ऑलिव्ह, हरीसाची लाल तिखट चटणी, एक अंडं. तिनं खाल्लं नाही असं नाही, पण प्रत्येक घास विचारून उतरत होता. खिडकीशी सूक्ष्मदर्शक मांडलेला होता, जुना पितळी, आरसा पुसून लख्ख केलेला. तिच्यासाठी.

"दाखव," ते म्हणाले. "मघापासून ती पेटी उबवते आहेस. काय निघणार आहे त्यातून?"

तिनं पहिली काचपट्टी दिली. त्यांनी ती सरकवली, वाकले. म्हातारपणी हात थरथरायचे, पण पितळी चाकाला लागले की थांबायचे.

"हं. साधा. झाडबेडकातला?"

"ठिपक्यांच्यातला. इथलाच."

"असेल. सुरेख रंगवलास. पुढचा?"

तिनं दुसरी काचपट्टी दिली. सी ताहर वाकले, चाक किंचित फिरवलं. मग एकदम ओरडले, "शेदलिया! ये लवकर, तुझी बहीण बघ!"

"हात मातीचे आहेत!"

"डोळे तर धुतलेले आहेत ना!"

शेदलिया आली, हात पाठीमागं धरून एका डोळ्यानं बघू लागली. "मला गुलाबी भाकरी दिसते."

"तीच! तीच!" सी ताहर खोलीत दोन फेऱ्या मारून आले. "तळं आटलं होतं ना मधे, त्यानंतर मला एकदाही मिळाली नाही. मला वाटलं, गेली. तीही गेली. आणि ही बघ, फांद्या बघ, कशा मिळाल्यात! पोरी, कुठं मिळाली? तळ्याच्या कुठल्या अंगाला?"

आता. आत्ताच बोललं पाहिजे.

"सी ताहर, दोन्ही एकाच बेडकातले आहेत."

"असतात की. एका घरात दोन सुना नसतात?"

"नसतात कशा? पण एक टिकत नाही," शेदलिया म्हणाली.

"दुसरा मी दाबला," दलंदा म्हणाली. "अंगठ्यानं. पहिल्यावर नुसती काच ठेवली होती."

चुलीवर चहाची किटली खदखदत होती. शेदलियानं ती उतरवायला हात पुढं केला आणि सी ताहरच्या पाठीकडं बघून तसाच मागं घेतला. ते पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकले होते. दुसरी काचपट्टी काढली, पहिली लावली. पहिली काढली, दुसरी. पुन्हा पहिली.

"मारण्याआधी कसे दिसत होते?"

"सारखे. जुळे."

"किती जोर दिलास?"

"तुम्ही वर्गात सांगायचात तेवढा. मडक्याचा काठ थापतात तेवढा."

"असे एकदोनच केलेस?"

"नाही. पुष्कळ केले. दाबले त्यांच्या फांद्या मिळाल्या. बाकीच्यांच्या सुट्या राहिल्या."

"डीएनए?"

"एकच."

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"काय झालं?" शेदलियानं विचारलं. "मेलं का कोण?"

"कुणी नाही. कुणी जन्मलंच नव्हतं." मग तिच्याकडं वळून, वर्गातल्या कच्च्या पोराला सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "तुझी बहीण काचेवर अंगठा ठेवायची ना? फार जोरानं ठेवायची. साधा कृमी होता. दाबून दाबून रुंद झाला. मला वाटलं, नवी जात."

शेदलियानं बोटांवरची माती चोळली. "म्हणजे ती जात देवानं केलीच नाही? आमच्या मनूनं थापली?"

"मनूनं थापली."

आणि शेदलिया हसली, पोट धरून, मातीचे हात ओढणीला लागले तरी हसली. सी ताहरनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांचाही बांध फुटला. दोघं म्हातारी माणसं हसत सुटली. हसता हसता सी ताहर डोळे टिपू लागले आणि टिपत राहिले. दलंदाला वाटलं, झालं. निभावलं. आपण उगाच भीत होतो.

"बुडवायला हवी," सी ताहर म्हणाले. स्वतःच म्हणाले. आणि उठले.

मग त्यांच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. टेबलाचा खण उघडला, कोरे कागद काढले, पेन झटकून पाहिलं, चहा मागितला, खुर्ची उजेडाकडं ओढली. "मीच लिहिणार. चूक माझी, तर मीच बुडवणार. यात लाज नाही पोरी, यात इज्जत असते, फार थोड्यांना ही संधी मिळते. तुझे आकडे, तुझ्या काचपट्ट्या, तुझं नाव आधी. पण सुरुवात माझी. अशी बघ." त्यांनी डोळे मिटले. "'या जातीची ओळख म्हणून जी लक्षणं आम्ही सांगितली, ती बेडकाच्या कृमीची नसून सेजनानच्या मनूबिया या कुंभारणीच्या अंगठ्याची आहेत.' कसं? छापतील? छापायलाच लावू. एकदा तिचं नाव खोट्या ठिकाणी लागलं, आता खऱ्या ठिकाणी लागू दे. तिनं काय केलं ते लागू दे."

"बरोबर आहे," शेदलिया चहा ओतत म्हणाली. "आमच्यात आव्यातून तडकलेलं निघालं, तर जिनं थापलं तिनंच ते फोडायचं. दुसरीनं हात लावला तर वर्षभर अबोला."

दलंदा उभी होती. टेबलाच्या कडेला तिनं हात टेकला.

"सी ताहर. मी लिहिलंय."

"मसुदा? आणलास? दे, बघू."

"पाठवलाय. मागल्या आठवड्यात. त्यांनी घेतला. छापायला गेला."

पेन कागदावर टेकलेलं होतं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. सी ताहरनी तो पाहिला आणि पेन उचललं.

"अंगठ्याबद्दल काय लिहिलंस?"

"सी ताहर..."

"शब्द सांग."

तिला ते वाक्य पाठ होतं. किती वेळा घासूनपुसून तिनं ते कोरडं केलं होतं, कुणाला लागू नये म्हणून. "'सदोष हाताळणीमुळे पडलेला जादा दाब.'"

"सदोष हाताळणी."

"म्हणजे काय?" शेदलियानं विचारलं.

"आधी का नाही आलीस?" सी ताहर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"तुमचा चेहरा पाहून माझा हात थरथरला असता."

"थरथरू द्यायचा होता."

अंगणात कोंबड्या खापऱ्यांच्या चुऱ्यात चोची मारत होत्या. शेदलिया त्यांना हाकलायला म्हणून बाहेर गेली आणि परत आली नाही.

"मी परत मागवते," दलंदा म्हणाली. "आजच कळवते. थांबवा म्हणून सांगते. आपण दोघं मिळून..."

"नको. खोटं काय आहे त्यात? खरं आहे ते थांबवायचं नसतं."

"मग तुमचं नाव घालते. माझ्या आधी."

"न केलेल्या कामावर?" त्यांनी कागद एकावर एक रचले, कडा जुळवल्या आणि खणात ठेवून दिले. "मी तुम्हाला हे शिकवलं नव्हतं, डॉक्टर."

तिला आधी वाटलं, दारात आणखी कोणी आलंय. मग कळलं, हे तिलाच. पहिल्या वर्षाला ती ट्युनिसला आली, कुणी नातेवाईक नाही, राहायला जागा नाही, तेव्हा मनूबियानं तिला आपल्या स्वयंपाकघरात जेवायला बसवलं होतं, आणि त्या संध्याकाळपासून ती पोरी होती. रागावले तरी पोरी. पदवी मिळाली तरी पोरी. आता सी ताहर पाहुण्याशी बोलावं तसं नीट, अदबीनं बोलत होते. चहा निवला का विचारलं. दुसरा करायला सांगू का विचारलं. परतीची गाडी दुपारची आहे, नंतर मिळायची नाही, हेही सांगितलं.

त्यांनी दोन्ही काचपट्ट्या कापसात घातल्या, पेटी बंद केली आणि तिच्यापुढं सरकवली.

"एक तुमच्याकडं राहू दे," ती म्हणाली. "दुसरी. दाबलेली."

"तो तुमचा अंगठा आहे," सी ताहर म्हणाले. "माझ्याकडं तिचा आहे."

दारापर्यंत ते आले. एरवी ते वळणापर्यंत यायचे, गाडी येईपर्यंत उभे राहायचे, चालकाला बजावायचे, हिला सांभाळून ने. आज उंबऱ्याशी थांबले. शेदलिया भिंतीशी पाठमोरी बसून माती मळत होती. तिनं वर पाहिलं, काहीतरी विचारायचं होतं तिला, पण दोघांच्या चेहऱ्यांकडं बघून ती पुन्हा मातीकडं वळली.

"बेडूक जोड्या लावतील तेव्हा मी येऊ का?" दलंदानं विचारलं. "पाऊस लागला की. आपण बघायला जाऊ."

सी ताहरनी तळ्याच्या दिशेनं पाहिलं. दाढी करताना कापलं होतं तिथं रक्त सुकून काळं झालं होतं.

"तळं सरकारी आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "कुणीही यावं."

ती उतार उतरली. तळ्याकाठी लव्हाळ्यात भर दुपारी एक ठिपक्यांचा बेडूक बोलत होता, दबक्या आवाजात, कुणी शेजारच्या खोलीत हसावं तसा. ती थांबली. सवयीनं मनाशी त्याची जात म्हणाली, तळ्याचं नाव म्हणाली. वळणावर गाडीचा भोंगा वाजला. आणखी थोडं उभं राहिलं तर गाडी चुकेल हे तिला कळत होतं. ती तशीच उभी राहिली, वरच्या घराकडं बघत, कुणीतरी हाक मारेल म्हणून. भोंगा दुसऱ्यांदा वाजला. मग ती धावली.